मदिनेचे अखेरचे राखणदार : फखरुद्दीन पाशा

युद्ध हरल्यानंतर सैनिकाने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर वरवर पाहता सोपे वाटते. वरिष्ठांचा आदेश आला की शस्त्र खाली ठेवावे आणि घरी परतावे. परंतु ज्याच्या पहाऱ्यात एखादे सामान्य ठाणे नसून प्रेषित मुहम्मद (स.) यांचे शहर आहे, त्यांची मस्जिद आणि त्यांचा रौजा आहे, त्याला हे उत्तर पुरेसे वाटेल काय? आदेशपालन ही अमानत आणि मदिनेचे रक्षण हीदेखील अमानत, अशा दोन अमानती परस्परांसमोर उभ्या राहिल्या तर मोमिनाने कोणती निवडावी? उस्मानी सेनानी उमर फखरुद्दीन पाशा यांच्या आयुष्यात हा प्रश्न 1918 च्या अखेरीस उभा राहिला. इतिहास त्यांना फखरी पाशा या नावाने ओळखतो. त्यांच्या निष्ठेचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत, त्यांना दोष देणारेही कमी नाहीत. त्यांच्या जीवनाकडे न्यायबुद्धीने पाहिले तर दोन्ही पक्षांकडून शिकण्यासारखे बरेच काही हाती लागते.

निर्वासित बालक ते सेनानी

फखरुद्दीन यांचा जन्म 1868 साली डॅन्यूब नदीच्या काठावरील रुस्चुक या शहरात झाला. हे शहर आज बल्गेरियात असून रुसे या नावाने ओळखले जाते. 1877-78 च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात बाल्कन प्रदेशातील असंख्य मुस्लिम कुटुंबे बेघर झाली. फखरुद्दीन यांच्या कुटुंबालाही जन्मभूमी सोडून इस्तंबूलचा आश्रय घ्यावा लागला. हरलेल्या सैन्यामागे सामान्य माणसांचे काय होते, हे त्या मुलाने कोवळ्या वयात डोळ्यांनी पाहिले होते. पुढे मदिनेत त्यांनी जो हट्ट धरला त्याचे मूळ कदाचित या आठवणीत असावे.

1888 मध्ये ते लष्करी विद्यालयातून बाहेर पडले आणि 1891 मध्ये उच्च लष्करी शिक्षण पूर्ण करून अधिकारी झाले. अनेक वर्षे त्यांनी पूर्व अनातोलियात नोकरी केली. बाल्कन युद्धात इस्तंबूलच्या वेशीवरील चतालजाच्या संरक्षणफळीवर ते लढले आणि 1913 मध्ये एदिर्ने शहर परत घेणाऱ्या सैन्यात त्यांचा समावेश होता. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा ते सीरियात जमाल पाशांच्या चौथ्या सैन्याचे उपप्रमुख झाले.

हिजाजमधील फितना

1916 च्या मे महिन्यात मक्केचे अमीर शरीफ हुसैन यांच्या हालचालींविषयी संशय बळावला आणि जमाल पाशांनी फखरी पाशांना मदिनेला पाठविले. मेच्या अखेरीस ते तेथे पोहोचले आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात शरीफ यांचे पुत्र अली आणि फैसल यांनी मदिनेबाहेर बंडाचे निशाण उभारले. मक्का, जिद्दा आणि ताइफ ही शहरे एकामागून एक उस्मानी सत्तेच्या हातून गेली. मदिना मात्र टिकली.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मदिनेसमोर उभे ठाकलेले सैन्य परकीयांचे नव्हते. ते कलमा पढणाऱ्यांचेच होते आणि त्यांचे नेते प्रेषितांच्या घराण्याशी आपले नाते सांगत होते. त्यांच्या मनात तक्रारीही होत्या. 6 मे 1916 रोजी जमाल पाशांनी दमास्कस आणि बैरूत येथे अनेक अरब पुढाऱ्यांना फासावर चढविले होते आणि त्या जखमा ताज्या होत्या. दुसऱ्या बाजूला, या बंडामागे इंग्रजांचे सोने, बंदुका आणि आश्वासने होती. त्या आश्वासनांचे पुढे काय झाले, हे पॅलेस्टाइन आणि सीरियाच्या इतिहासाने जगाला दाखविले आहे. भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला की लाभ तिसऱ्याचाच होतो, हे कटू सत्य हिजाजच्या वाळूवर त्या दिवसांत लिहिले गेले.

हिंदुस्थानातील मुस्लिमांना या बंडाने मोठा धक्का बसला. देवबंदचे शेखुल हिंद मौलाना महमूद हसन त्या काळी हिजाजमध्येच होते. तुर्कांविरुद्धच्या फतव्यावर स्वाक्षरी करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी शरीफ यांच्या माणसांनी त्यांना अटक करून इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि त्यांची रवानगी माल्टा बेटावरील बंदिवासात झाली.

लोखंडी जीवनवाहिनी

मदिनेचा श्वास एका रेल्वेमार्गावर चालत होता. सुलतान दुसरे अब्दुल हमीद यांच्या कारकिर्दीत 1900 मध्ये हिजाज रेल्वेचे काम सुरू झाले आणि 1908 मध्ये पहिली गाडी मदिनेत पोहोचली. दमास्कस ते मदिना हे अंतर सुमारे 1,300 किलोमीटर आहे. उंटांच्या काफिल्याला जेथे महिना-सव्वा महिना लागत असे, तो प्रवास तीन-चार दिवसांवर आला. या मार्गासाठी जगभरच्या मुस्लिमांनी देणग्या दिल्या आणि त्यांत हिंदुस्थानचा वाटा लक्षणीय होता. हजयात्रेकरूंच्या सोयीसाठी घातलेले हे रूळ आता वेढ्यात सापडलेल्या शहराला धान्य, औषधे आणि दारूगोळा पुरवू लागले.

म्हणूनच इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या सल्ल्याने चालणाऱ्या अरब टोळ्यांनी या मार्गावर घाव घालण्यास सुरुवात केली. पूल उडविले जात, रूळ उखडले जात. फखरी पाशांचे सैनिक रात्री गस्त घालत आणि उखडलेले रूळ पुन्हा बसवीत. हा खेळ महिनोन्‌महिने चालला. 1917 च्या प्रारंभी इस्तंबूलच्या सेनापतींनी मदिना सोडून तेथील सैन्य पॅलेस्टाइनच्या आघाडीवर आणण्याचा विचार केला. लष्करी हिशेबाने तो विचार चुकीचा नव्हता. फखरी पाशांनी मात्र त्याला ठाम विरोध केला. प्रेषितांच्या शहरावरील ध्वज आपल्या हाताने उतरविण्याची पाळी आपल्यावर आणू नये, आणणारच असाल तर त्या कामासाठी दुसरा सेनापती पाठवावा, अशी त्यांची विनंती होती. अखेर मदिना रिकामी झाली नाही.

भूक, टोळ आणि रिकामी घरे

1917 मध्ये फखरी पाशांनी दोन मोठे निर्णय घेतले आणि त्या दोन्हींवर आजही वाद आहे.

पहिला निर्णय मस्जिदे नबवीतील मौल्यवान वस्तूंविषयी होता. शतकानुशतके सुलतान, अमीर आणि श्रद्धाळू यांनी अर्पण केलेली रत्ने, दीपदाने, कुरआनची हस्तलिखिते आणि इतर वारसा त्यांनी मोठ्या पहाऱ्यासह रेल्वेने इस्तंबूलला पाठविला. त्या वस्तू आजही तोपकापी राजवाड्यात आहेत. तुर्कांच्या दृष्टीने ते लुटीपासून केलेले रक्षण होते. अनेक अरबांच्या दृष्टीने मात्र मदिनेची संपत्ती मदिनेतून नेली गेली होती.

दुसरा निर्णय माणसांविषयी होता आणि तो अधिक वेदनादायक ठरला. धान्य कमी पडू लागले तेव्हा त्यांनी शहरातील नागरिकांना बाहेर पाठविण्यास प्रारंभ केला. हजारो लोकांना गाडीत बसवून दमास्कस आणि अन्य शहरांकडे रवाना करण्यात आले. सेनापतीचा युक्तिवाद असा होता की, वेढलेल्या शहरात राहिले तर हे लोक उपासमारीने मरतील आणि सैन्यही टिकणार नाही. पण प्रेषितांच्या शेजारी राहण्याचे भाग्य सोडून जाणाऱ्यांच्या मनाची अवस्था कोणत्याही युक्तिवादाने हलकी होणारी नव्हती. कुटुंबे विखुरली, अनेकजण परत येऊ शकले नाहीत. मदिनेच्या जुन्या घराण्यांत ‘सफरबरलिक’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या दुःखाने उच्चारला गेला.

1918 च्या वसंतात मआनच्या दक्षिणेकडील रेल्वेमार्गाचा मोठा पट्टा कायमचा उद्ध्वस्त झाला आणि मदिना जगापासून तुटली. आता धान्य येणार नव्हते आणि नवे सैनिकही येणार नव्हते. शिपायांचा आहार खजुरांवर आला. ताज्या भाजीपाल्याअभावी स्कर्व्हीने अनेकांना ग्रासले आणि पुढे इन्फ्लुएंझाची साथही आली. याच काळात आकाशातून टोळधाड उतरली. फखरी पाशांनी सैन्यासाठी एक आदेश काढला आणि टोळ खाण्याची शिफारस केली. टोळ हलाल आहे, प्रेषितांच्या सहाबांनी मोहिमांमध्ये तो खाल्ला आहे, हे शरीअतच्या जाणकारांना ठाऊकच होते. पाशांनी त्याचे पोषणमूल्य समजावून सांगितले, तो कसा शिजवावा हेही सांगितले आणि स्वतः तेच खाल्ले. सेनापतीच्या ताटात आणि शिपायाच्या ताटात फरक उरला नाही. खंदकाच्या लढाईत प्रेषितांनी (स.) सहाबांबरोबर उपाशीपोटी माती वाहिली होती. त्याच शहराच्या मातीवर या सुन्नतची आठवण ताजी झाली.

त्या वसंतातील एका शुक्रवारची आठवण तुर्कस्तानात अद्याप सांगितली जाते. पाशा मस्जिदे नबवीच्या मिम्बरावर चढले, ध्वज अंगाभोवती लपेटला आणि रौज्याकडे तोंड करून, आपण हे शहर कधीही सोडणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली. समोर बसलेल्या शिपायांचे डोळे भरून आले होते.

तह झाला, मदिना मात्र उभी राहिली

1 ऑक्टोबर 1918 रोजी दमास्कस पडले. 30 ऑक्टोबर रोजी लेमनोस बेटाच्या मुद्रोस बंदरात एका इंग्रज युद्धनौकेवर उस्मानी सरकारने युद्धबंदीच्या करारावर स्वाक्षरी केली. त्याच्या सोळाव्या कलमानुसार हिजाज, असीर, येमेन, सीरिया आणि इराकमधील सर्व उस्मानी तुकड्यांनी जवळच्या दोस्त सेनापतीसमोर शरण जावयाचे होते. युद्ध संपले होते. ज्या सरकारसाठी फखरी पाशा लढत होते, त्या सरकारनेच पराभव मान्य केला होता.

शरणागतीचा आदेश बिनतारी संदेशाने मदिनेपर्यंत पोहोचला. पाशांनी तो मानला नाही. शत्रूच्या यंत्रणेमार्फत आलेला आदेश खरा कशावरून, असा त्यांचा सवाल होता. मग इस्तंबूलहून एक अधिकारी लेखी हुकूम घेऊन आला. पाशांनी उत्तर दिले की, मदिना ही सामान्य छावणी नाही, तिच्याविषयी केवळ खलीफाच आदेश देऊ शकतात, युद्धमंत्री नव्हेत. शेवटी न्यायमंत्री हैदर मुल्ला यांना सुलतानांच्या हुकमासह पाठविण्यात आले. तोपर्यंत दोस्तांचे आरमार इस्तंबूलसमोर नांगर टाकून उभे होते. खलीफाच शत्रूच्या तोफांच्या छायेत असताना त्यांचा हुकूम स्वेच्छेचा कसा मानावा, अशी पाशांची भूमिका झाली.

या भूमिकेला फिकहमध्ये आधार नाही असे म्हणता येणार नाही. बळजबरीने घेतलेल्या करारनाम्याची बंधनकारकता हा विद्वानांच्या चर्चेचा जुना विषय आहे. परंतु प्रश्नाला दुसरी बाजूही होती. मदिनेतील हजारो शिपाई आजारी होते आणि उपाशी होते. मदतीला येणारे कोणतेही सैन्य आता जगाच्या पाठीवर उरले नव्हते. प्रत्येक दिवशी नवी कबर खोदली जात होती. पाशांना शहादत हवी होती आणि ती इच्छा त्यांच्यापुरती पवित्र होती. पण अनातोलियातील ज्या मातेचा मुलगा ज्वराने तळमळत होता, तिच्या मुलाच्या प्राणांचा निर्णय एका माणसाच्या प्रतिज्ञेवर सोपविता येतो काय?

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी एकदा कअबाकडे पाहून त्याची थोरवी वर्णन केली आणि अल्लाहपाशी मोमिनाची प्रतिष्ठा त्याहूनही अधिक आहे, असे सांगितले, ही रिवायत सर्वांना परिचित आहे. मदिनेच्या त्या छावणीतील अधिकाऱ्यांना ती आठवली होती की नाही, कोण जाणे. पण त्यांनी जे केले त्याला याच शिकवणुकीचा आधार होता. पाशांचे सहकारी नजीब बेग आणि इतर अधिकारी अखेर स्वतःच पुढे आले. 7 जानेवारी 1919 रोजी बीर दरवेश येथे शरणागतीच्या अटी ठरल्या.

पाशांनी आपला मुक्काम मस्जिदेला लागून असलेल्या वास्तूत हलविला होता. रौज्याचा शेजार सोडण्यास ते तयार नव्हते. 10 जानेवारीच्या दिवशी त्यांचेच अधिकारी आत गेले आणि त्यांना धरून बाहेर आणले. ज्यांना ते आपले पुत्र म्हणत, त्याच हातांनी त्यांना मोटारीत बसविले. गोळी झाडली गेली नाही, हरमच्या भूमीवर रक्त सांडले नाही. युद्धबंदीला 72 दिवस लोटले होते आणि वेढ्याला दोन वर्षे सात महिने. बीर दरवेश येथे शरीफ यांच्या छावणीत या पराभूत सेनापतीचे सन्मानाने स्वागत झाले. काही दिवसांत शरीफ यांचे सैन्य मदिनेत शिरले.

बंदिवास आणि नवे आयुष्य

फखरी पाशांना प्रथम इजिप्तला आणि 1919 च्या ऑगस्टमध्ये माल्टाला नेण्यात आले. त्या वेळी शेखुल हिंद मौलाना महमूद हसनही त्याच बेटावर बंदिस्त होते. एकाने मदिनेसाठी तलवार खाली ठेवण्यास नकार दिला होता, दुसऱ्याने लेखणी विकण्यास. मौलाना 1920 च्या जूनमध्ये मुंबई बंदरात उतरले तेव्हा खिलाफत चळवळीच्या नेत्यांनी त्यांचे स्वागत केले. ज्या दुःखाने मुंबईपासून लखनौपर्यंत लोक रस्त्यावर आले होते, त्यात हरमैन शरीफैनच्या काळजीचा मोठा भाग होता.

पाशांची सुटका 1921 मध्ये झाली. ते अंकाराला पोहोचले आणि तेथील नव्या सरकारने त्यांना काबूलला राजदूत म्हणून पाठविले. अफगाणिस्तान नुकताच स्वतंत्र झाला होता आणि अमानुल्लाह खान तेथे राज्य करीत होते. 1926 पर्यंत पाशांनी दोन मुस्लिम देशांमधील मैत्रीचे काम केले. आडनावांचा कायदा आल्यावर त्यांनी तुर्ककान हे आडनाव घेतले आणि 1936 मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले. 22 नोव्हेंबर 1948 रोजी रेल्वेने प्रवास करीत असताना एस्कीशहिरजवळ हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. ज्याच्या आयुष्याची सर्वांत कठीण वर्षे एका रेल्वेमार्गाचे रूळ जोडण्यात गेली, त्याने अखेरचा श्वासही गाडीतच घेतला. इस्तंबूलमध्ये बॉस्फरसच्या काठी, अशियान कब्रस्तानात ते विसावले आहेत.

न्यायाच्या तराजूत

पाशांच्या निधनानंतर सुमारे 70 वर्षांनी, 2017 च्या डिसेंबरमध्ये, त्यांच्या नावावरून तुर्कस्तान आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यात जाहीर वाद पेटला. एका बाजूने त्यांच्यावर मदिनेच्या लुटीचा आरोप केला, दुसऱ्या बाजूने अंकारातील अमिरातीच्या दूतावासासमोरील रस्त्याला त्यांचेच नाव दिले. मृत माणसाला अशा रीतीने राजकारणाचे हत्यार बनविणे सोपे असते. मोमिनाचे काम त्याहून कठीण आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्याही विरुद्ध साक्ष द्यावी लागली तर द्यावी आणि ज्याच्याशी वैर आहे त्याच्याशीही न्याय करावा, हीच कुरआनची शिकवण आहे.

या शिकवणुकीनुसार सांगावयाचे तर फखरी पाशांच्या खात्यावर मदिनेच्या विस्थापितांचे अश्रू आहेत. 1915 मध्ये उर्फा येथील आर्मेनियन वस्तीविरुद्ध झालेल्या लष्करी कारवाईचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते आणि त्या वर्षात आर्मेनियन लोकांवर जे ओढवले त्याचा विसर कोणत्याही न्यायी माणसाला पडू नये. मदिनेवरील प्रेम हे या हिशेबातून सुटण्याचे साधन होऊ शकत नाही. त्याच खात्यावर दुसऱ्या बाजूस अशी निष्ठा आहे जी सोन्याने विकत घेता आली नाही, अशी साधी राहणी आहे जिने शिपायांबरोबर टोळ खाल्ले आणि असे प्रेम आहे ज्याला रौज्यापासून दूर नेण्यासाठी बळाचा वापर करावा लागला. अंतिम हिशेब अल्लाहपाशी आहे.

आपल्यासाठी यात दोन धडे आहेत. पहिला असा की, सब्र म्हणजे परिणामाची खात्री असताना टिकून राहणे नव्हे. यशाची आशा संपल्यावरही सोपविलेले काम सोडून न जाणे, हा सब्र आहे. आपल्यापैकी कोणाच्याही पहाऱ्यात आज मदिना नाही. पण प्रत्येकाच्या पहाऱ्यात एखादी अमानत आहे. एखाद्याकडे वृद्ध आईवडील आहेत, एखाद्याकडे मोहल्ल्यातील मदरसा, एखाद्याकडे फक्त दिलेला शब्द. सोबतचे सगळे पांगले तरी तेथे उभे राहणारा माणूस फखरी पाशांच्या वाटेवर आहे.

दुसरा धडा त्यांच्या अधिकाऱ्यांचा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. आपल्या सेनापतीवर त्यांचे प्रेम होते, तरीही त्यांनी त्याचा हात धरून त्याला थांबविले. दगड-विटांचे रक्षण झाले होते, आता माणसांचे रक्षण करावयाचे होते. निष्ठा कोठे हट्टात बदलते हे स्वतःला बहुधा दिसत नाही. ते दाखविणारे सोबती मिळणे ही अल्लाहची कृपा आहे आणि आपण असा सोबती होणे ही जबाबदारी आहे.

अल्लाह आपल्याला अमानतीवर ठाम राहण्याचे धैर्य देवो आणि योग्य वेळी थांबण्याचा शहाणपणाही देवो. मदिनेच्या मातीत विसावलेल्या त्या सर्व शिपायांवर आणि घरापासून दूर गेलेल्या मदिनेच्या त्या सर्व रहिवाशांवर त्याची रहमत असो. आमीन.